आरंभीची शिल्लक

सुटीचे दिवस आले की घराघरातून एकच तक्रार ऐकू येते. मुलगा खेळात गुंतला की त्याला जेवणाची शुद्ध राहत नाही, मुलगी दहा हाका मारल्या तरी 'ओ' देत नाही आणि एकाच मोबाइलवरून दोघांची भांडणे होतात ती वेगळीच. वेळेचा अपव्यय, डोळ्यांवरील ताण, अभ्यासाची हेळसांड यांबद्दल पुष्कळ लिहून आले आहे आणि त्यात तथ्य आहे. परंतु या खेळांच्या पोटात आपल्या मुलांना नेमके काय सांगितले जात आहे, हे पाहण्याची तसदी आपण पालक मंडळी क्वचितच घेतो. म्हणून या आठवड्याच्या सदरासाठी अंतराळावरील संगणकीय खेळांचा विषय घेतला आहे. माणूस उद्या चंद्रावर, मंगळावर आणि त्याही पलीकडे जाऊन राहू लागला तर तिथला समाज कसा असेल, याची चित्रे हे खेळ गेली चाळीस वर्षे रंगवीत आहेत.

वाचकहो, मी जमाखर्चाचा माणूस. कोणतेही खाते समोर आले की कारकुनाची नजर सर्वप्रथम आरंभीच्या शिलकेवर जाते. पहिल्या दिवशी या माणसाच्या नावावर काय होते, जमा होती की देणे होते, हे कळल्याशिवाय पुढची बेरीज-वजाबाकी व्यर्थ. या खेळांकडेही मी त्याच नजरेने पाहिले आणि जे दिसले ते आपल्यासमोर ठेवतो.

१९८४ साली, म्हणजे ज्या वर्षी आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये 'एलिट' नावाचा खेळ निघाला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी तो तयार केला. ज्या संगणकावर तो चालत असे त्याची स्मरणशक्ती होती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा एवढ्या जागेत मावत नाही. पण तेवढ्यात या पोरांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. खेळणाऱ्याला सुरुवातीला काय मिळत असे? स्वतःच्या मालकीचे एक यान आणि खिशात शंभर नाणी. जा, व्यापार कर, मोठा हो. आरंभीची शिल्लक सर्वांना सारखी आणि तीही जमेची!

मात्र या खेळातील बाजारभावाची यादी नीट वाचली पाहिजे. अन्नधान्य, कापड, किरणोत्सर्गी पदार्थ आणि त्यापुढचे नाव 'गुलाम'. सोने किलोत, रत्ने ग्रॅममध्ये आणि गुलाम टनात! गुलामांची वाहतूक हा त्या खेळातल्या कायद्याने गुन्हा होता, तरी यादीत त्यांचा भाव रीतसर दाखवलेला असे. म्हणजे ज्याच्या हाती यान त्याच्यासाठी अंतराळ मोकळे होते आणि ज्याच्या हाती ते नव्हते तो मालाच्या यादीत जाऊन पडला होता. शिवाय त्या खेळात ग्रहांवरच्या राजवटींचे आठ प्रकार आहेत. अराजक आणि सरंजामशाही ही सर्वांत धोक्याची ठिकाणे. लोकशाही बरीच सुरक्षित. पण सर्वांत सुरक्षित कोणती? तर कंपनीचे राज्य! व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण तिथे चाचे कमी. मजुराला ते राज्य कसे वाटत असेल हे मात्र खेळात कोणी विचारत नाही.

आता अडतीस वर्षे पुढे येऊ. २०२२ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या 'ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्ह' या संस्थेने 'हार्डस्पेस : शिपब्रेकर' हा खेळ पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. यातील नायक यानाचा मालक नाही. तो जुनी याने तोडणारा मजूर आहे. गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर गॅसकटरने जहाजे तोडणारे मजूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे काम ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की इथे पायाखाली वाळू नाही आणि डोक्यावर आकाश नाही. यानाचा एकेक भाग कापायचा, वापरण्याजोगा एकीकडे, वितळवायचा दुसरीकडे, उरलेला माल तिसरीकडे. चुकीची नळी कापली तर स्फोट. पंधरा मिनिटांची पाळी, आणि पाठीवरचा प्राणवायू संपत आला की तो विकत घ्यायचा.

या मजुराच्या खात्यावरची आरंभीची शिल्लक पाहा. 'लिंक्स' नावाच्या कंपनीत भरती होताच त्याच्या नावावर शंभर कोटींहून अधिक कर्ज चढते. प्रवासाचा खर्च, प्रशिक्षणाचा खर्च, परवान्याचा खर्च. त्यानंतर रोज व्याज, हत्यारांचे भाडे, राहण्याच्या खोलीचे भाडे. अपघातात मेला तर सुटका झाली असेही नाही. भरतीच्या वेळी कंपनीने त्याच्या शरीराचा नमुना घेऊन ठेवलेला असतो. त्यावरून दुसरे शरीर तयार होते आणि त्याचेही बिल त्याच्याच खात्यावर पडते. मरणसुद्धा नावे टाकलेले! १९८४ मध्ये शंभर नाणी जमा, २०२२ मध्ये शंभर कोटी देणे. अडतीस वर्षांत अंतराळाच्या स्वप्नाचा ताळेबंद असा उलटला.

हे एकच उदाहरण असते तर मी विषय वाढवला नसता. पण २००१ सालच्या 'रेड फॅक्शन'मध्ये मंगळावरील खाणकामगार 'अल्टॉर' कंपनीविरुद्ध बंड करतात. २०२२ सालच्या 'सिटिझन स्लीपर'मध्ये नायकाचे शरीरच कंपनीच्या मालकीचे आहे आणि ते टिकवणारे औषध फक्त कंपनी बनवते, त्यामुळे पळून गेला तरी तो बांधलेलाच राहतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील 'ऑब्सिडियन' या संस्थेने काढलेल्या 'दि आउटर वर्ल्ड्स'मध्ये तर एक अख्खी ग्रहमाला काही कंपन्यांच्या मंडळाच्या ताब्यात आहे. तिथल्या एका मासळीच्या डबाबंद कारखान्याच्या गावात कामगारांना आपल्या कबरीच्या जागेचे भाडे जिवंतपणीच भरावे लागते आणि खेळणाऱ्यावर अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक येते ते या थकबाकीच्या वसुलीचे.

या खेळाच्या लेखकांनी एक मार्मिक कल्पना योजली आहे. आपल्या जगात अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर सप्टेंबर १९०१ मध्ये गोळीबार झाला, ते दगावले आणि थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष झाले. रूझवेल्ट यांनी मक्तेदार कंपन्यांवर खटले भरून त्यांना लगाम घातला. खेळातील इतिहासात मॅकिन्ले वाचतात, रूझवेल्ट त्या वेळी सत्तेवर येतच नाहीत, मक्तेदाऱ्या वाढत जातात आणि शेवटी ताऱ्यांपर्यंत पोहोचतात. लेखकांना सांगायचे आहे ते हे की, दूरच्या ग्रहावरील मजुराचे नशीब तिथे ठरत नाही. ते पृथ्वीवर, शेकडो वर्षे आधी, एखादा कायदा झाला की नाही यावर ठरून जाते.

यावर कोणी म्हणेल, अहो, हे खेळ आहेत. संघर्ष दाखवला नाही तर खेळणार कोण? हा आक्षेप रास्त आहे. श्रीमंत देशांतील लेखक-चित्रकारांनी आपल्याच काळजीची, कर्जाची, कंत्राटी नोकरीची सावली आकाशावर पाडली आहे, असेही म्हणता येईल. खेळ हे भविष्यकथन नव्हे आणि मी त्यांना तसे मानतही नाही. म्हणून कोणा लेखकाने न लिहिलेला एक समाज आपण तपासू.

आइसलँड या चिमुकल्या देशातील 'सीसीपी' संस्थेने मे २००३ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' सुरू केला. सात हजारांहून अधिक सूर्यमाला आणि त्यात जगभरातील हजारो माणसे एकाच वेळी खेळतात. त्यातील प्राचीन इतिहास लेखकांनी रचला आहे. एक साम्राज्य धर्माज्ञा म्हणून दुसऱ्या वंशाला पिढ्यानुपिढ्या गुलाम ठेवते आणि तो वंश उठाव करतो. यावर आपल्या वाचकांना वेगळे भाष्य नको. पण आज तिथे जे सत्ताकारण चालते ते खेळणाऱ्यांनीच उभे केले आहे. येणाऱ्या प्रत्येकाला छोटे यान फुकट, कर्ज नाही, जन्माची अट नाही. आरंभीची शिल्लक सर्वांना समान.

मग झाले काय? काही वर्षांतच मोठमोठ्या आघाड्या झाल्या, त्यांनी प्रदेश ताब्यात घेतले आणि लहान गटांना ते भाड्याने दिले. जमीनदार आणि कूळ ही जोडी कोणी न शिकवता तिथे उगवली. २००७ मध्ये तर संस्थेला या जगाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची नेमणूक करावी लागली. जानेवारी २०१४ मध्ये तिथे जी प्रचंड लढाई झाली तिचे कारण माझ्यासारख्या कारकुनाने कायम लक्षात ठेवावे असे आहे. एका आघाडीकडून ताब्यातील सूर्यमालेचा ठरलेला हप्ता भरायचा राहिला. हप्ता चुकला, हक्क गेला, शत्रू धावून आला. साडेसात हजारांवर माणसे एकवीस तास लढली, सर्वांत मोठ्या वर्गातील पंच्याहत्तर याने नष्ट झाली आणि नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या घरात गेला.

पण याच जगाची दुसरी बाजूही आहे. २००८ पासून तिथे खेळणाऱ्यांनी निवडून दिलेली एक परिषद आहे. तिचा अधिकार सल्ल्यापुरताच. २०११ मध्ये संस्थेने आतल्या दुकानात सजावटीच्या वस्तू विकायला काढल्या. त्यात एका डोळ्यावर लावायच्या चष्म्याची किंमत खऱ्या पैशात साठ डॉलरच्या पुढे होती. उद्या पैसेवाल्यांना ताकदही विकत मिळेल, या शंकेने लोक खवळले. शेकडो याने बाजारपेठेच्या सूर्यमालेत जमली आणि तिथल्या स्मारकावर गोळीबार करीत राहिली. हा मोर्चाच होता. संस्थेला परिषदेच्या सदस्यांना तातडीने राजधानी रेक्याविकमध्ये बोलावून चर्चा करावी लागली आणि पुढे धोरण बदलावे लागले. यावरून दोन गोष्टी दिसतात. आरंभीची शिल्लक समान असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आणि जग कितीही काल्पनिक असो, त्याच्या मालकासमोर संघटितपणे उभे राहिल्याशिवाय सामान्य माणसाचे म्हणणे ऐकले जात नाही.

आता खेळ बाजूला ठेवून खऱ्या मंगळाकडे वळू. जानेवारी २०२० मध्ये 'स्पेसएक्स'चे प्रमुख इलॉन मस्क यांनी जाहीरपणे लिहिले की मंगळावर जाण्याची इच्छा असणाऱ्या कोणालाही जाता आले पाहिजे, ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांच्यासाठी कर्जाची सोय असावी आणि तिथे कामेही पुष्कळ असतील. त्याच वर्षी त्यांच्या 'स्टारलिंक' इंटरनेट सेवेच्या ग्राहक-करारात असे कलम आढळले की मंगळ हा स्वतंत्र ग्रह मानला जाईल आणि पृथ्वीवरील कोणत्याही सरकारचा तिथल्या कारभारावर अधिकार नसेल. जाण्यासाठी कर्ज, फेडण्यासाठी तिथलीच नोकरी आणि दाद मागायला सरकार नाही. हेतू चांगला असेल, पण या तीन ओळी एकाखाली एक मांडून पाहा म्हणजे 'लिंक्स' कंपनीची खतावणी आठवेल.

त्यात निसर्गाची अडचण आणखी. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या स्थितीत येतात ते सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदा. तिथून पाठवलेला निरोप पोहोचायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसे नोव्हेंबर २००० पासून अखंड राहत आहेत. तिथे पाण्यापासून प्राणवायू बनवला जातो आणि घाम, मूत्र यांसह जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. तेथील अंतराळवीर सरकारी व्यवस्थेच्या संरक्षणात असतात. पण जिथे श्वास यंत्रातून येतो आणि यंत्र मालकाचे असते तिथे 'उद्यापासून कामावर येत नाही' असे मजूर कोणत्या बळावर म्हणेल?

अशा दूरच्या कराराचा अनुभव आपल्या लोकांनी घेतलेला आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि माणसे गिरमिटिया झाली. त्यांत मुंबई इलाख्यातून गेलेली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. जहाजाचे भाडे मालकाने भरलेले, करार साधारण पाच वर्षांचा, मध्ये समुद्र. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत होती. ही भरती थांबायला १९१७ साल उजाडावे लागले. समुद्र ओलांडून गेलेल्यांची ही कथा, तर मग आकाश ओलांडून जाणाऱ्यांचे काय?

आपल्या देशापुरते बोलायचे तर राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारी निषिद्ध केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराला बांधून ठेवणारे कर्जच रद्द ठरवले. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणारा आर्थिक नाइलाज हीसुद्धा बळजबरीच आहे. हे तत्त्व मंगळावर कोण नेणार?

अंतराळाचा मूळ कायदा म्हणजे १९६७ चा अंतराळ करार. चंद्र किंवा कोणताही ग्रह कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचा म्हणता येणार नाही, असे तो सांगतो. खासगी कंपनीच्या कृत्यांची जबाबदारी तिच्या देशावर टाकतो आणि ज्या देशात यान नोंदवले असेल त्या देशाची सत्ता त्यातील माणसांवर चालेल असेही म्हणतो. भारत या करारात आहे. म्हणजे मंगळावर सरकारचा अधिकार नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. पण समुद्रावरील जहाजांचे मालक सवलतीचा देश पाहून तिथे जहाज नोंदवतात, तेच उद्या यानांचेही होऊ शकेल. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या कंपन्यांना अंतराळात काढलेल्या खनिजांवर मालकी दिली. २०२० चा 'आर्टेमिस' मसुदा याच दिशेचा असून भारताने त्यावर जून २०२३ मध्ये सही केली. खनिज कोणाचे यावर एवढी चर्चा झाली. पण ते काढणाऱ्याचे वेतन, कामाचे तास, परतीचे भाडे, संघटनेचा हक्क यांबद्दल १९६७ च्या करारात एक ओळ नाही आणि या मसुद्यातही नाही.

आणि सर्वांत मोठा प्रश्न मुलांचा आहे. आजवर अंतराळात एकही मूल जन्मलेले नाही. पण वसाहत म्हटली की मुले येणारच. आई-बापांनी करारावर सही केली, कर्ज काढले, ते त्यांनी स्वखुशीने केले असे समजू. त्या मुलाने कोणती सही केली? पहिला श्वास कंपनीच्या यंत्रातून घेतला म्हणून त्याच्या खात्यावर देणे लिहायचे काय? आई खाणीत म्हणून मूलही खाणीत, असे ठरायचे काय? माणसाची जागा जन्मावरून ठरवणारी व्यवस्था काय करते, हे सांगायला कोणा अंतराळशास्त्रज्ञाची गरज नाही. ही व्यवस्था नव्या ग्रहावर नव्याने उभी राहायला तिथे धर्मग्रंथ न्यावे लागणार नाहीत. एक कर्जाची वही पुरेल.

म्हणून माता-भगिनींनो आणि बंधूंनो, ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान उतरले तेव्हा आपल्या वस्त्यांतूनही फटाके वाजले. ते वाजलेच पाहिजेत. आपल्या मुला-मुलींनी शास्त्रज्ञ, अभियंते व्हावे, याने बांधावीत, चालवावीत. पण काहींनी कायदाही शिकावा आणि अंतराळाचा कायदा शिकावा. जिथे हे नियम लिहिले जात आहेत त्या टेबलापर्यंत आपल्यातले कोणी पोहोचले नाही, तर खनिजाचे कलम लिहिले जाईल आणि मजुराचे राहून जाईल. हवा आणि पाणी विकले जाणार नाही, परतीचा प्रवास हा हक्क असेल, संघटना करता येईल आणि आई-बापाचे कर्ज मुलाला लागणार नाही, ही चार कलमे पहिले यान निघण्यापूर्वी लिहून झाली पाहिजेत. माणसे तिथे पोहोचल्यावर ती लिहिणे फार अवघड जाईल.

आणि घरात मूल असा खेळ खेळत बसले असेल तर अभ्यासाची वेळ झाल्यावर तो जरूर बंद करायला लावा. पण त्याआधी पाच मिनिटे शेजारी बसा आणि विचारा : बाळा, या जगात हवा कोणाच्या मालकीची आहे? घरी परत यायचे असेल तर भाडे कोण देतो? आणि तू सुरुवात केलीस तेव्हा तुझ्या खात्यावर काय होते? मूल या प्रश्नांची उत्तरे चटकन देईल, कारण त्याने ते जग आतून पाहिले आहे. मग चौथा प्रश्न विचारा : हे नियम कोणी केले आणि ते बदलता येतील का? त्यावर ते थांबून विचार करू लागले, तर सुटीतला तेवढा वेळ वाया गेला नाही असे खुशाल समजा.